शेजाऱ्यांना ख्रिस्ताविषयी सांगताना आपण का अडखळतो?

देवगड तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, वाडीत मात्र ख्रिस्ती असे एवढे एकच. वडील वारले तेव्हा शेजारच्या काकींनी त्यांना विचारले, "इतक्या शांत ऱ्हवाक तुका कसा जमता गो?" ताई म्हणाल्या, "काय करतलंय काकी, ऱ्हवाचा लागता." खरे उत्तर मनात होते, पण ओठांवर आले नाही, आणि ते त्यांना अजून टोचते. आपल्या विश्वासाबद्दल बोलताना ख्रिस्ती माणसाला नेमके काय आडवे येते आणि त्यातून वाट कशी काढायची, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या लहान लहान मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक म्हणून माझे आयुष्य गेले. हा प्रश्न मला बहुतेक घरांत कुणी ना कुणी विचारलेला आहे. विचारणारा आधी भीतीचे नाव घेतो. लोक काय म्हणतील, गावात वाईटपणा येईल, नोकरीवर गदा येईल. ही भीती खोटी नाही आणि तिच्याबद्दल पुढे लिहितोच. पण माझ्या पाहण्यात भीतीच्याही आधी एक अडथळा असतो. एकदा बोलायला तोंड उघडले की समोरच्याला ख्रिस्ती करूनच थांबायचे, नाहीतर आपण हरलो, असे आपण मनाशी धरून बसलेले असतो. निकाल आपल्या अंगावर घेतलेला असतो. काकींना पटले नाही तर मी अपयशी, आणि पटले तर त्यांच्या घरात वादळ, अशी ही कोंडी आहे. ज्यांच्याशी विहीर, पाणंद आणि बांध सामाईक आहेत, ज्यांनी आपल्या बाबांच्या मयताला खांदा दिला, त्यांच्यापुढे एवढे ओझे घेऊन कोण बोलेल?

हे ओझे प्रभूने आपल्यावर टाकलेलेच नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध माणूस आठवा. परूशी नावाच्या धर्मपुढाऱ्यांनी त्याला धारेवर धरले तेव्हा येशू कोण, कसा, हे त्याला धड सांगता आले नाही. आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढेच तो सांगत राहिला. चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई तर गावात जाऊन प्रश्नच विचारते, हाच ख्रिस्त असेल काय? पुढे गावकरी तिला सांगतात की आता आम्ही तुझ्या बोलण्यावरून विश्वास ठेवत नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. मार्कच्या पाचव्या अध्यायात भुते निघून गेलेला माणूस येशूबरोबर जायला निघतो, तर प्रभू त्याला घरी, आपल्या माणसांत परत पाठवतो आणि देवाने तुझ्यासाठी काय केले ते त्यांना सांग म्हणतो. करिंथकरांना पौल लिहितो की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ देवाने दिली. यात कुठेही माणसाने दुसऱ्या माणसाचे मन बदलून दाखवायचे नाही. मन बदलणे हे पवित्र आत्म्याचे काम. आपल्याकडे घडलेले सांगणे एवढेच सोपवले आहे. हे एकदा खरोखर आत उतरले की जीभ बरीचशी मोकळी होते. मी हे अगदी अबोल बायामाणसांच्या बाबतीत पाहिले आहे.

आता काकींकडे येऊ. तुम्ही त्या वेळी बोलला असता तर काय बोलला असता? आपल्या साक्षीच्या, म्हणजे विश्वासाचा अनुभव सांगण्याच्या, सभांमध्ये लोक उभे राहून सांगतात, "मी पापात मेलेली होते, कोकऱ्याच्या रक्ताने धुतली गेले, आता मी नवी उत्पत्ती आहे." यातला शब्द न् शब्द पवित्र शास्त्रातला आहे. पण वाडीतल्या काकींच्या कानांना यातले काही लागत नाही. त्यांना कोकरू कळते, रक्त कळते, आणि दोन्ही एकत्र ऐकले की त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहत असेल याचा आपण विचारच करत नाही.

म्हणून साक्षीच्या वर्गात मी एक सराव घेतो. दोघांनी समोरासमोर बसायचे. एकाने आपली गोष्ट सांगायची, दुसऱ्याने शेजारी व्हायचे, आणि उपासनेबाहेर कधी न ऐकलेला शब्द आला की नुसता हात वर करायचा. सांगणाऱ्याने तिथे थांबून तेच साध्या बोलीत सांगायचे. पहिल्या फेरीत हात सारखा वर जातो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला गोष्ट लहान होते आणि खरी होते. हर्णैकडच्या एका कोळीणबाईंची गोष्ट शेवटी अशी झाली: "नवरा होडीवर गेला आणि वादळ लागलं. दोन रात्री पत्ता नव्हता. मी देवावर चिडले होते, प्रार्थना पण होत नव्हती. दुसऱ्या रात्री मी येशूला म्हटलं, तुला पण मरणाची भीती वाटली होती ना, मग माझी भीती तुला कळत असेल. तेव्हा रडू आलं आणि मग झोप लागली. नवरा परत आला. पण तो आला नसता तरी त्या रात्री कुणीतरी माझ्याजवळ होतं, हे मी विसरणार नाही." एवढेच. मिनिटभराची गोष्ट. नवरा परत आला म्हणून देव खरा, असा हिशेब तिने मांडला नाही, आणि म्हणूनच ज्यांची माणसे समुद्रातून परत आली नाहीत त्याही तिचे ऐकून घेतात.

ताई, तुमच्या बाबांबद्दलची अशी गोष्ट तुमच्याजवळ आहे. ती मालवणीत सांगा. प्रार्थना आपण शुद्ध मराठीत करतो म्हणून साक्षही पुस्तकी भाषेत द्यायची, असा समज आपल्याकडे कुठून आला कोण जाणे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्लंडहून आलेले जेझुइट गोव्यात सासष्टीला राहिले, इथली बोली शिकले आणि १६१६ साली त्यांनी ख्रिस्ताची कथा ओव्यांत छापली, कारण इथले लोक देवाच्या कथा ओव्यांतच ऐकत आले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत आणली, ती आपण आजही दर रविवारी गातो. आपल्या भागात देवापुढे गाऱ्हाणे घालताना गावकरी पोराबाळांचे, गुराढोरांचे, होडीचे, बागेचे नाव घेऊन सगळे सांगतात. तुम्ही काकींच्या मुलाचे नाव घेऊन, त्यांच्या परवानगीने, साध्या बोलीत येशूजवळ मागणे मागितलेत तर ती रीत त्यांना परकी वाटणार नाही. कुणाजवळ मागतो आहोत हे मात्र स्पष्ट असू द्या, ते धूसर ठेवणे हा काकींचा मान राखणे नव्हे.

दुसरा मोठा अडथळा इतिहासाचा आहे आणि तो आपण टाळतो. कोकणपट्टीवर ख्रिस्ताचे नाव बऱ्याच ठिकाणी जहाजांबरोबर आणि तोफांबरोबर आले. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीजांचे ठाणे होते, आणि समोरच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलली जाते. गोव्यात १५६० साली सुरू झालेले धर्मन्यायालय मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. देवळे पाडली गेली, माणसे देव घेऊन घर सोडून निघाली, आणि त्यांतल्या काही घराण्यांचे वंशज आज आपल्या शेजारी राहतात. "तुमका बाटवल्यानी" असे कुणी म्हटले की आपल्याला राग येतो. पण त्या बोलण्यामागे ऐकीव द्वेषाबरोबर खरी आठवणही असते. तिथे वाद घालू नका. "होय, ते घडलं. ख्रिस्ताच्या नावाने घडलं, आणि ते ख्रिस्तासारखं नव्हतं," एवढे मनापासून म्हणा. आपण हे म्हटले की बोलणे तिथे तुटत नाही, उलट तिथूनच सुरू होते, असा माझा अनुभव आहे.

त्याच इतिहासाला दुसरी बाजूही आहे, ती विचारले तर सांगा. सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटला १८२३ साली स्कॉटिश मिशनरी आले ते शाळा काढत. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, कोकणात राहून मराठी शिकले आणि मग मुंबईत त्यांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. आणि टिळकांच्या घरात काय झाले ते तर प्रत्येक ख्रिस्ती माणसाने लक्षात ठेवावे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. काही काळ दोघांची ताटातूट झाली. पुढे एकत्र राहायला लागल्यावरही लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा निर्णय त्यांचाच राहिला. त्या पाचेक वर्षांनी स्वतःच्या मनाने ख्रिस्ताकडे आल्या. ज्या घराने मराठी मंडळीला गाणे दिले, त्या घरातही जबरदस्ती चालली नाही.

कायद्याची भीती हल्ली जास्त ऐकू येते, आणि तुम्ही सरकारी शाळेत असल्याने तुम्हाला ती अधिक वाटत असणार. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत राहून, धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. आपला विश्वास समजावून सांगणे यात बसते. मला या निकालाची अडचण वाटत नाही, कारण माणसाला बदलण्याचा हक्क प्रभूनेही आपल्याला दिलेला नाही हे वर लिहिलेच आहे. मात्र काही गोष्टी काटेकोर पाळा. शाळेत, वर्गात, मुलांपुढे हा विषय तुम्ही होऊन काढू नका. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. आणि कायदा नसता तरी मूल शिक्षकाला नाही म्हणू शकत नाही, म्हणून ते करू नये. दुसऱ्याच्या देवाबद्दल टिंगलीचा किंवा तुच्छतेचा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, आणि प्रेमाच्या दृष्टीनेही ते पापच आहे. धान्य, फी, औषध, नोकरी यांतले काही देताना त्याच श्वासात धर्माचे बोलू नका. मदत करायची तर ती काकी कायम हिंदू राहणार आहेत असे धरून करा. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना औषध बंद कर असे कधीही सांगू नका, दुसरे कुणी सांगत असेल तर तिथेच अडवा. आणि राज्याचा कायदा आज नेमका काय आहे ते मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांवरून ठरवू नका, ओळखीच्या वकिलाला विचारा.

याच ओघात एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आपले प्रचारक ती पुष्कळदा सांगत नाहीत. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतो. तो हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. अनुसूचित जमातींसाठी अशी धर्माची अट नाही. त्या समाजातला कुणी ख्रिस्ताकडे ओढला जात असेल तर मुलांच्या शिष्यवृत्तीवर आणि नोकरीवर काय परिणाम होईल हे त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरण्याआधी कळले पाहिजे. किंमत मोजून पाहा असे प्रभूनेच सांगितले आहे. ती आपण लपवली तर आपण फसवणूक केली.

सणांचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो आडवा येतोच. गणपतीत चाकरमानी आले, घराघरांत आरत्या सुरू झाल्या की ख्रिस्ती घर दार लोटून बसते. शिमग्यात पालखी येते तेव्हाही तेच. श्रद्धेला धक्का नको हा हेतू चांगला आहे, पण वर्षाचे जे दिवस सगळी वाडी एकत्र असते तेच आपण गमावतो, आणि मग नाताळात करंज्यांचे ताट घेऊन गेल्यावर शेजारी मोकळेपणाने का बोलत नाहीत याचे नवल करतो. प्रसादाबद्दल मंडळ्यांमंडळ्यांत मतभेद आहेत. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवे आणि दहावे अध्याय तुमच्या पाळकांबरोबर वाचा आणि आपल्या विवेकाप्रमाणे ठरवा. माझा सल्ला एवढाच की जे ठरवाल ते काकींना आधी, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, सांगून ठेवा: "काकी, मी आरतीला उभी राहत नाही आणि प्रसाद घेत नाही, तुमचा अपमान म्हणून नाही, माझी प्रार्थना येशूकडे असते म्हणून. पण मोदक वळायला आणि पाहुण्यांचं वाढायला मी येणार." आधी सांगितलेला नकार माणसे समजून घेतात. ऐन वेळी पुढे आलेला हात मागे सारला की ते वर्षानुवर्षे लक्षात राहते.

उत्तरे येत नाहीत म्हणून गप्प बसणारेही खूप आहेत. "सगळे देव एकच ना, मग तुमचा वेगळा कशाला?" हा प्रश्न तुम्हाला नक्की येईल. त्यावर तत्त्वज्ञान सांगत बसू नका. "तुमची श्रद्धा तुम्ही मला सांगा, मी ऐकते. माझ्यापुरतं म्हणाल तर वधस्तंभावर मरताना मारणाऱ्यांना क्षमा करणारा देव मला येशूत भेटला, आणि तो मरणातून उठला असं मी मानते. म्हणून मी त्याला सोडू शकत नाही." यात दुसऱ्याला कमी लेखलेले नाही आणि आपले काही लपवलेलेही नाही. "पैसे घेऊन झाल्यात काय?" असे कुणी विचारले तर चिडू नका, घराण्याची खरी हकिगत सांगा, ती माहीत नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. जे येत नाही ते "माहीत नाही, विचारून सांगते" म्हणायला हरकत नाही. पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो, आणि लगेच सौम्यतेने व आदराने द्या असेही म्हणतो. पाठांतर करणारे पहिला भाग लक्षात ठेवतात.

आणखी एक अडथळा आहे, तो लिहिताना मला यातना होतात. आपली घरे गावाला दिसत असतात. सामाईक सातबाऱ्यावरून भावाभावांचे कज्जे, सणाच्या दिवशी दारू, मंडळीतल्या पदांवरून गट, आणि मंडळीत येऊनही जुनी जात विचारून केलेली सोयरीक. वाडी हे सगळे पाहते. अशा घरातल्या माणसाची वाचा बंद होते ती आतून, कारण समोरचा काय म्हणेल हे त्याला माहीत असते. इथे बोलण्याचे प्रशिक्षण उपयोगी नाही. आधी भावाकडे जायचे आणि बांधाचा वाद मिटवायचा, त्यात आंब्याची दोन कलमे गेली तरी चालतील. कोर्टातली तारीख मागे घेतलेली ज्या गावाने पाहिली, तिथे लोकांनी होऊन "ह्या कसा काय झाला?" विचारलेले मी ऐकले आहे.

हे सगळे पाळकांचे किंवा फादरांचे काम, असे म्हणून सुटणाऱ्यांना मी प्रेषितांची कृत्ये ८ उघडून दाखवतो. यरुशलेमेत छळ झाला तेव्हा प्रेषित तिथेच राहिले, आणि पांगलेली साधी माणसे जातील तिथे वचन सांगत गेली. कोकणात तर पाळक महिन्यातून एकदा येणार आणि एस.टी.ची वेळ झाली की निघणार. काकींच्या पडवीत बसायला त्याला सवड कुठली? तिथे तुम्हीच आहात.

तर ताई, काकींचा तो प्रश्न अजून शिळा झालेला नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाचा विषय काकी त्यांच्या रीतीने काढतीलच, किंवा एखाद्या संध्याकाळी तुम्हीच म्हणा, "काकी, तेव्हा तुमी विचारलास आणि माका सांगूक जमला नाय, आता सांगू?" हो म्हणाल्या तर बाबांच्या शेवटच्या दिवसांत तुम्हाला कशाने धरून ठेवले ते सांगा, त्यात तुम्ही किती रडलात तेही सांगा, आणि थांबा. पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या. पत्रिका, पुस्तक, उपासनेचे आमंत्रण यांतले त्या दिवशी काही काढू नका. त्यांनी विषय बदलला तर तुम्हीही बदला, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे दूध आणायला जा. पुन्हा कधी त्यांनी होऊन वाचायला मागितले तर लूकचे शुभवर्तमान द्या, उधळ्या मुलाच्या गोष्टीपासून. ती वाचताना काकी घरातल्यांपासून लपवणार असतील तर त्यांना सांगा, लपवू नका, काकांनाही वाचून दाखवा.